विमान अवतरणातील वैमानिक-प्रमाद

विमान आकाशातून खाली आणून धावपट्टीवर टेकविणे व सुरक्षित थांबविणे या क्रियेस अवतरण म्हणतात. या क्रियेत वैमानिकाकडून निरीक्षणात, निर्णयात वा कृतीत होणारी चूक म्हणजे अवतरणातील प्रमाद होय. विमान धावपट्टीच्या रेषेत येऊन क्रमाने उंची व वेग कमी करू लागते, त्या टप्प्यास उपगमन असे नाव आहे. उपगमन व अवतरण मिळून एकूण उड्डाणकाळाचा फारच थोडा भाग होतो. तथापि जेट प्रवासी विमानांच्या प्राणघातक अपघातांपैकी जवळजवळ निम्मे याच अवधीत घडलेले आहेत. या वेळी विमान जमिनीच्या निकट असते, वेग कमी असतो, चाके व पंखांच्या झडपा बाहेर काढावयाच्या असतात, नियंत्रण मनोऱ्याशी संभाषण चालू असते आणि हवामान पाहून उतरावे की वर निघून जावे, याचा निर्णय काही सेकंदांत घ्यावयाचा असतो. मनुष्याचे अवधान एका वेळी एकाच गोष्टीवर नीट ठरते. येथे मात्र त्यावर पाच-सहा गोष्टींचा हक्क असतो. त्यांपैकी एखादी सर्व अवधान आपल्याकडे ओढून घेते, तेव्हा चित्तविक्षेप झाला असे म्हणतात.

वैमानिकाचा दोष हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून इतक्या सहजतेने होतो की, त्यामागचा इतिहास सहसा लक्षात येत नाही. पश्चिम भारतातील अपघात कालक्रमाने पाहिले, तर या दोषाचे स्वरूप बदलत गेलेले दिसते. प्रथम तो स्थळाचा होता, नंतर उंचीचा झाला, पुढे यंत्राच्या स्थितीविषयीचा झाला आणि अलीकडे तो शेजारी बसलेल्या सहवैमानिकाचे शब्द न ऐकण्याचा झाला आहे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या सीमेलगतच्या डोंगराळ भागात यांतील एक मोठा अपघात १९६२ मध्ये घडला आणि २०१७ पासून जिल्ह्यात स्वतःचा प्रवासी विमानतळ असल्याने हा विषय आता जिल्ह्यातील प्रवाशांच्याही निकटचा झाला आहे. महाराष्ट्रातील वाचकांच्या स्मरणात असलेले दोन अपघात, १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईनजीक समुद्रात कोसळलेले एअर इंडियाचे बोईंग ७४७ आणि २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबाद येथे मालमोटारीस धडकलेले इंडियन एअरलाइन्सचे बोईंग ७३७, हे उड्डाणाच्या वेळचे असल्याने येथे विचारात घेतलेले नाहीत.

आरंभीचा काळ : १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन निघालेले पुस मॉथ विमान अहमदाबादमार्गे मुंबईस जुहू येथे उतरविले. विमानात ते एकटेच होते. जुहूचे मैदान भरतीच्या पाण्यालगत असल्याने पावसाळ्यात निरुपयोगी होई व विमानसेवा त्या महिन्यांत पुण्यास हलवावी लागे. त्या काळी उतरण्यातील धोका मुख्यतः जमिनीचा व हवेचा असे. चालककक्षात (कॉकपिटमध्ये) बोलावयास दुसरे कोणी नसे आणि पाहावयाची उपकरणेही मोजकीच असत. चूक झाली तर ती चालविणाऱ्याची, हा निष्कर्ष त्यामुळे स्वाभाविक वाटे. अपघातचौकशीच्या भाषेत तो पुढे कित्येक दशके टिकून राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर सांताक्रूझ (छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ) येथे आंतरराष्ट्रीय वाहतूक वाढली. १२ जुलै १९४९ रोजी के.एल.एम. या डच कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान पावसाळी हवेत सांताक्रूझकडे येत असता घाटकोपरच्या टेकडीवर आदळून ४५ जण मृत्यू पावले. त्यांत अमेरिकन पत्रकारांचा एक गट होता. पावसाळ्यातील मुंबई आणि तिच्या पूर्वेचे डोंगर ही जोडी परकीय वैमानिकांना अनेकदा अवघड गेली.

जुहू व सांताक्रूझ यांची गफलत हा मुंबईचा खास प्रमाद म्हणावा लागेल. या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींपासून काही किमी. अंतरावर असून त्यांची दिशाही जवळजवळ सारखी आहे. समुद्राकडून येणाऱ्या विमानास प्रथम जुहूची धावपट्टी दिसते. १५ जुलै १९५३ रोजी बी.ओ.ए.सी. या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट हे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूस उतरले; काही दिवसांनी हलके करून ते बाहेर काढण्यात आले. १९ वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ च्या सकाळी, जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाने हीच चूक केली. जुहूची धावपट्टी सु. १,१०० मी. लांबीची, म्हणजे अशा विमानास लागणाऱ्या लांबीच्या निम्मीही नव्हती. विमान पलीकडे निघून जाऊन कायमचे निकामी झाले. प्राणहानी झाली नाही, हे सुदैव होय. दोन्ही प्रसंगी वैमानिक अनुभवी होते. धावपट्टी जेथे दिसावी असे मनाने ठरविले होते, तेथे एक धावपट्टी दिसली व शोध थांबला. अपेक्षित वस्तू दिसल्यावर पडताळा घेण्याची गरज मनास वाटत नाही. अवतरणातील पुष्कळ प्रमादांचे मूळ येथे आहे.

जुन्नरनजीकचा अपघात : हीच मनोवृत्ती अधिक भीषण रूपात ६–७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री दिसून आली. अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ विमान सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईकडे येत होते. मुंबईस उतरण्याची अनुज्ञा मिळून ते खाली येत असता पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या परिसरात, मुंबईपासून सु. ८५ किमी. अंतरावर, सु. १,१०० मी. उंचीच्या डोंगराच्या माथ्याजवळ आदळले. विमानातील सर्व ९४ जण मृत्यू पावले. जुन्नर तालुक्याची उत्तर सीमा अहमदनगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यास लागून आहे. हरिश्चंद्रगडाच्या परिसरातील हा सह्याद्री कोकणातून पाहणाऱ्यास भिंतीसारखा दिसतो. पूर्वेकडून रात्री, पावसाळी ढगांतून येणाऱ्यास तो मुळीच दिसत नाही.

चौकशीत निघालेले कारण असे : आपण मुंबईच्या प्रत्यक्षात आहोत त्यापेक्षा अधिक जवळ पोहोचलो आहोत अशी वैमानिकाची समजूत झाली आणि सरळ उपगमन करण्यासाठी त्याने वेळेपूर्वीच उंची सोडली. स्थान निश्चित करण्यास उपलब्ध असलेल्या साधनांचा उपयोग करण्यात आला नाही, त्या प्रदेशासाठी ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाही आणि मार्गाखालील भूप्रदेशाची ओळख पुरेशी नव्हती, हे दुय्यम घटक मानण्यात आले. यातील महत्त्वाची बाब अशी की, नियम होता, साधने होती, चालककक्षात एकाहून अधिक माणसेही होती. केवळ मनातील नकाशा पुढे सरकला होता व तो कोणी मागे ओढला नाही. त्या काळच्या चौकशीने ‘कोण चुकले’ याचे उत्तर दिले. इतर चालकवर्गाच्या ध्यानात ती चूक का आली नाही, हा प्रश्न विचारण्याची रीत अद्याप पडलेली नव्हती.

अवधानाचा अभ्यास : या प्रश्नाची सुरुवात अवतरणातूनच झाली होती, हे येथे नमूद करणे उचित ठरेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बाँबफेकी विमाने सुखरूप उतरल्यानंतर धावपट्टीवरच पोट टेकून बसल्याची उदाहरणे वारंवार घडू लागली. ॲल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने तपास केला असता, चाकांची व पंखांच्या झडपांची कळ एकमेकींशेजारी असून हातास सारखीच लागते, असे आढळले. उतरल्यावर झडपा मिटवावयाच्या, त्याऐवजी थकलेला वैमानिक चाके मिटवी. चॅपनिसने चाकांच्या कळीस चाकाच्या आकाराची व झडपांच्या कळीस पाचरीच्या आकाराची मूठ सुचविली. आजही प्रवासी विमानांत चाकांची कळ चाकाच्याच आकाराची असते. पॉल फिट्स व जोन्स यांनी १९४७ मध्ये वैमानिकांच्या शेकडो चुकांचे वर्गीकरण करून हाच विचार पुढे नेला. ज्यास निष्काळजीपणा म्हटले जात होते, तो पुष्कळ अंशी रचनेचा दोष ठरला.

चित्तविक्षेपाचे महत्त्व पटण्यास मात्र १९७० चे दशक उजाडावे लागले. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचे ट्रायस्टार विमान मायामीस उतरत असता पुढील चाक खाली आल्याची खूण देणारा दिवा लागला नाही. दिव्याचा केवळ बल्ब गेला होता. चालककक्षातील सर्व जण त्या दिव्यात गुंतले, स्वयंचालकाने उंची राखणे कधी सोडले ते कोणाच्याच लक्षात आले नाही व विमान हळूहळू खाली येत दलदलीत कोसळले. शंभरावर माणसे दगावली. ११ सप्टेंबर १९७४ रोजी त्याच कंपनीचे डीसी-९ विमान धुक्यात शार्लट येथे उतरत असता धावपट्टीपूर्वीच जमिनीस लागले. ७२ जण मृत्यू पावले. ध्वनिमुद्रकावर अपघातापूर्वीच्या मिनिटांतील राजकारणाच्या व जुन्या मोटारींच्या गप्पा आढळल्या. २८ डिसेंबर १९७८ रोजी पोर्टलंड येथे चाकांच्या शंकेत बराच वेळ घिरट्या घालणाऱ्या विमानाचे इंधनच संपले. इंधनाविषयी सहकाऱ्यांना चिंता वाटत होती; ती कप्तानापर्यंत पोहोचेल अशा शब्दांत उच्चारली गेली नाही.

या अनुभवांतून दोन गोष्टी निघाल्या. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने १९८१ मध्ये नियम केला की, १०,००० फुटांखाली (सु. ३,०५० मी.) उड्डाणास आवश्यक नसलेले कोणतेही काम वा संभाषण चालककक्षात होऊ नये. वैमानिकांच्या बोलीत यास ‘स्टराइल कॉकपिट’ म्हणतात. मराठीत ‘अविक्षिप्त कक्ष’ म्हणता येईल. भारतातील विमान कंपन्यांच्या कार्यपुस्तिकांतही हा नियम आहे. दुसरी गोष्ट म्हणजे चालकवर्गास परस्परसंवादाचे शिक्षण देणे. १९७९ मध्ये नासाने भरविलेल्या परिषदेपासून हा विषय रूढ झाला व १९८१ पासून विमान कंपन्यांनी त्याचे वर्ग सुरू केले. पहिला नियम पाळण्यास सोपा व तपासण्यासही सोपा. दुसऱ्याचे यश मोजणे अवघड. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा कस दुसऱ्याचाच आहे. पुढील काळात मोबाइल व लॅपटॉप यांनी जुन्या गप्पांची जागा घेतली. २७ मे २०१० रोजी सिंगापूर येथे उतरणाऱ्या जेटस्टार कंपनीच्या विमानात कप्तानाचे लक्ष मोबाइलवरील संदेशांकडे गेले, चाके वेळेवर काढली गेली नाहीत व विमान पाचशे फुटांखाली येऊन पुन्हा वर गेले. येथे कोणास इजा झाली नाही, म्हणूनच हे उदाहरण शिकविण्यास सोयीचे ठरले.

भारतातील दोन टप्पे : २२ जून १९८२ च्या पहाटे एअर इंडियाचे ‘गौरीशंकर’ हे बोईंग ७०७ मुसळधार पावसात मुंबईस उतरत होते. जमिनीस लागण्यापूर्वी सु. १२ सेकंद वैमानिकाने एंजिनांची शक्ती कमी केली. आपण किती उंचीवर आहोत याचे भान त्या क्षणी नव्हते, असा निष्कर्ष निघाला. विमान धावपट्टीच्या सु. ४०० मी. अलीकडे जोराने आदळले. १११ पैकी १७ जण मृत्यू पावले. पावसात समोरच्या काचेवरून वाहणारे पाणी प्रकाशाचे वक्रीभवन करते व दिवे प्रत्यक्षाहून वेगळ्या जागी दिसतात. अशा वेळी डोळ्यांवरचा विश्वास कमी करून उपकरणे वाचणारा दुसरा आवाज हवा असतो.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० बंगलोर (बंगळूर) येथे कोसळले. १४६ पैकी ९२ जणांचा मृत्यू झाला. स्वच्छ हवा, दुपारची वेळ, यंत्र निर्दोष आणि एक चाचणी देणारा व दुसरा चाचणी घेणारा असे दोन ज्येष्ठ वैमानिक. हे विमान भारतात नवीन होते. त्याचे स्वयंचालन अशा अवस्थेत होते की, एंजिने निष्क्रिय गतीवर राहून विमान केवळ उतरत जावे. यंत्रातून ‘चारशे’, ‘तीनशे’, ‘दोनशे’ असे उंचीचे उच्चार होत होते. शक्ती वाढविण्याची कृती मात्र फार उशिरा झाली. अपघातानंतर देशातील सर्व ए-३२० विमाने काही महिने जमिनीवर ठेवण्यात आली व यंत्र दोषी की माणूस असा मोठा वाद झाला. चौकशी न्यायालयाने परिस्थितीचे गांभीर्य वैमानिकांना उमगले नाही, असा निष्कर्ष काढला. परीक्षक व परीक्षार्थी एकाच कक्षात असताना दोघांपैकी विमान नेमके कोण पाहत आहे, हा प्रश्न या अपघाताने मागे ठेवला. परीक्षेचे वातावरण हाही एक विक्षेपच होय. त्याची नोंद गप्पांसारखी ध्वनिमुद्रकावर सापडत नाही इतकेच.

मंगळूर व कोळिकोड : यानंतरचे दोन अपघात एकत्र अभ्यासण्याजोगे आहेत. दोन्ही एअर इंडिया एक्स्प्रेसच्या बोईंग ७३७-८०० विमानांचे, दोन्ही दुबईहून परतणाऱ्या कामकरी प्रवाशांचे, दोन्ही पठाराच्या माथ्यावर बांधलेल्या विमानतळांवर आणि दोहोंत ‘वर चला’ असे सहवैमानिकाचे शब्द ध्वनिमुद्रकावर नोंदलेले.

२२ मे २०१० च्या सकाळी मंगळूर येथे १६६ पैकी १५८ जण मृत्यू पावले. चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण नीळकंठ गोखले हे होते. ध्वनिमुद्रकाच्या दोन तासांच्या नोंदीपैकी पहिला सु. एक तास चाळीस मिनिटांचा काळ कप्तान झोपेत होता. झोपेतून उठल्यावर काही काळ निर्णयशक्ती मंद राहते. तिला निद्राजडत्व म्हणतात. त्यातच मंगळूरचे रडार बंद असल्याने खाली येण्याची अनुज्ञा नेहमीपेक्षा उशिरा मिळाली. विमान फार उंचावरून, फार वेगाने येऊ लागले. सहवैमानिकाने तीन वेळा अवतरण सोडून देण्यास सांगितले, भूसामीप्याचा इशारा देणारे यंत्रही वारंवार बोलत होते. कप्तानाने उपगमन चालूच ठेवले. सु. २,४५० मी. लांबीच्या धावपट्टीपैकी सु. १,६०० मी. मागे पडल्यानंतर चाके टेकली. नंतर थांबविण्याची क्रिया सुरू झाली असता पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न करण्यात आला. तो विफल होऊन विमान दरीत गेले.

७ ऑगस्ट २०२० च्या रात्री कोळिकोड येथील विमानाचे कप्तान दीपक वसंत साठे हे मूळचे नागपूरच्या कुटुंबातील, हवाई दलात विंग कमांडर राहिलेले व हिंदुस्थान एअरोनॉटिक्समध्ये चाचणी-वैमानिकाचे काम केलेले अधिकारी होते. कौशल्याच्या अभावाने हा अपघात झाला असे कोणीही म्हणू शकणार नाही. मुसळधार पाऊस होता. पहिला प्रयत्न त्यांनी नियमानुसार सोडून दिला. त्या वेळी कप्तानासमोरील काच पुसणारा वायपर काही सेकंद चालून बंद पडला होता. दुसरा प्रयत्न विरुद्ध दिशेने, पाठीवरचा वारा घेत झाला. सु. २,७०० मी. धावपट्टीवर विमान सु. १,३५० मी. अंतरावर, म्हणजे निम्मी धावपट्टी संपल्यावर टेकले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. विमान अपघात अन्वेषण कार्यालयाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अस्थिर उपगमन चालू ठेवणे, वर जाण्याची सूचना न पाळणे आणि सहवैमानिकाने स्वतः नियंत्रण हाती न घेणे, या तिन्हींचा निर्देश आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीसाठी कोळिकोडला कप्तानांची संख्या अपुरी असल्याने तेथेच उतरण्याची ओढ निर्माण झाली असावी, असेही त्यात म्हटले आहे.

येथे चित्तविक्षेप या शब्दाचा अर्थ विस्तारतो. बंद पडलेला वायपर, पाऊस, उद्याची फेरी, यांनी अवधान अडविले हे खरे. तथापि याचा सर्वांत गंभीर परिणाम डोळ्यांवर न होता कानांवर होतो. एकाग्रतेच्या ताणाखाली असलेल्या माणसास बाहेरचा शब्द ऐकू येईनासा होतो, हे प्रयोगांनीही सिद्ध झालेले आहे. त्यात ज्येष्ठ-कनिष्ठ भावाची भर पडते. वरिष्ठास एकदा सांगावे, दुसऱ्यांदा सुचवावे व नंतर गप्प राहावे, ही आपल्या कचेऱ्यांतील व घरांतील रीत चालककक्षात शिरते. म्हणून आता सहवैमानिकाच्या वर जाण्याच्या सूचनेस सल्ला न मानता आज्ञा मानावे, असा दंडक आहे. सूचना दोनदा देऊनही प्रतिसाद न मिळाल्यास सुकाणू हाती घ्यावे, असे शिकविले जाते. कोळिकोडच्या अहवालाने हा दंडक कागदावर होता व प्रत्यक्षात नव्हता, हे उघड केले. कनिष्ठाने ज्येष्ठाच्या हातातून सुकाणू घेणे ही कृती तीन सेकंदांची आहे. तिच्यासाठी लागणारी मनाची तयारी कित्येक वर्षांची असते.

उपगमन स्थिर आहे किंवा नाही, याचेही मोजमाप ठरलेले आहे. ढगाळ हवेत १,००० फुटांवर व स्वच्छ हवेत ५०० फुटांवर विमानाचा वेग, उतरण्याचा दर, दिशा व रचना ठराविक मर्यादेत नसेल, तर अवतरण सोडून द्यावयाचे असते. ताशी १४० नॉट (सु. २६० किमी.) वेगाने येणारे विमान १,००० फुटांवरून सु. ८० सेकंदांत खाली येते. या अवधीत चर्चा शक्य नसते. आकडा पुकारावा व त्याप्रमाणे करावे, एवढेच शक्य असते. थकव्याचा संबंध याहून मागचा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे व रात्रीच्या अवतरणांची संख्या सहावरून दोनवर आणणारे नियम जाहीर केले. विमान कंपन्यांच्या हरकतींमुळे त्यांचा अंमल लांबून २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने सुरू झाला. सक्तीच्या विश्रांतीस वैमानिकांची संख्या अधिक लागते व संख्येस पैसा लागतो; वाद मुळात हा आहे.

चौकशीचा हेतू : आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टानुसार अपघाताच्या तपासाचा हेतू पुढील अपघात टाळणे एवढाच असून दोषारोप करणे हा नाही. भारतात २०१२ मध्ये स्वतंत्र अन्वेषण कार्यालय स्थापन झाले. तोपर्यंत नियम करणारी यंत्रणाच बहुधा तपासही करीत असे. तरीही ‘वैमानिकाचा दोष’ हे शीर्षक अहवालापूर्वीच छापून येते. मृत वैमानिक उत्तर देऊ शकत नाही व यंत्राचा निर्माता, विमानतळाचा चालक आणि वेळापत्रक आखणारा यांना ते सोयीचे असते. वैमानिक निर्दोष असतो असा याचा अर्थ नव्हे. मंगळूरला कप्तान चुकला यात संशय नाही. पण ती चूक अडविण्यासाठी ठेवलेली प्रत्येक तटबंदी का कोसळली, याचे उत्तर एका नावात मिळत नाही.

शिर्डी विमानतळ : अहमदनगर जिल्ह्याच्या कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने बांधलेल्या या विमानतळाचे उद्‌घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. उद्‌घाटनाच्या वेळी एकच धावपट्टी होती व तिची लांबी २,५०० मी., म्हणजे २०१० मधील मंगळूरच्या धावपट्टीएवढीच होती. पहिल्या दोन वर्षांतच दोन विमाने तिच्या पलीकडे गेली : २१ मे २०१८ रोजी मुंबईहून आलेले एटीआर-७२ व २९ एप्रिल २०१९ रोजी दिल्लीहून आलेले बोईंग ७३७-८००. दोन्ही वेळी प्रवासी सुखरूप राहिले. दुसऱ्या प्रसंगी अडकलेले विमान हलवीपर्यंत विमानतळच बंद ठेवावा लागला.

या घटना एप्रिल-मे महिन्यांतील आहेत, याकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. त्यांची कारणे ऋतूत शोधणे हा येथील हेतू नाही. परंतु ऋतूचा हिशेब वैमानिकास करावाच लागतो. काकडीची उंची समुद्रसपाटीपासून सु. ५९० मी. आहे. उन्हाळ्यात तपमान ४०° से. असता हवा इतकी विरळ होते की, वेगमापक तोच आकडा दाखवीत असतानाही विमानाचा जमिनीवरील वेग समुद्रकाठच्या प्रमाण हवेतील वेगापेक्षा सु. ८ टक्क्यांनी अधिक असतो. थांबविताना ब्रेकांना शोषावी लागणारी ऊर्जा सु. १६ ते १७ टक्क्यांनी वाढते. त्यात पाठीवरचा थोडा वारा असला आणि विमान टेकण्यापूर्वी आठ सेकंद तरंगत राहिले, तर ५५० मी. हून अधिक धावपट्टी मागे पडते. मुंबईच्या सु. ३,४०० मी. लांबीच्या मुख्य धावपट्टीवर जी ढिलाई खपून जाते, ती येथे खपत नाही.

मुंबई–शिर्डी हे सरळ हवाई अंतर सु. १७० किमी. इतकेच आहे. लांबच्या प्रवासात वैमानिकांना वर स्थिर झाल्यावर हवामान पाहण्यास, अवतरणाची आकडेमोड करण्यास व ती एकमेकांना समजावून सांगण्यास निवांत वेळ मिळतो. या मार्गावर चढाई संपते न संपते तोच उतरण सुरू होते, मध्ये सह्याद्री ओलांडावयाचा असतो आणि उड्डाणाचा मोठा भाग १०,००० फुटांखालीच, म्हणजे अविक्षिप्त कक्षाच्या नियमाखाली जातो. नियमाने गप्पा बंद होतात. आवश्यक कामांची गर्दी मात्र त्याच मिनिटांत राहते. म्हणून अशा फेऱ्यांत अवतरणाची पूर्वतयारी जमिनीवर असतानाच करून ठेवण्याची पद्धत इष्ट मानतात.

नोव्हेंबर २०१९ च्या मध्यापासून कमी दृश्यमानतेमुळे शिर्डीची उड्डाणे काही आठवडे बंद ठेवावी लागली. यात्रेकरूंची गैरसोय झाली व टीकाही झाली. पण दिसत नसताना विमान न आणणे हाही अवतरणविषयक निर्णयच असून तो योग्य होता. २०२३ मध्ये येथे रात्रीचे अवतरण सुरू झाले. विमानतळाच्या सभोवती शेती आहे. अंधाऱ्या, दिवे नसलेल्या मुलखात केवळ धावपट्टीचे दिवे दिसत असले की, आपण प्रत्यक्षापेक्षा अधिक उंचावर आहोत असा भास होतो व वैमानिक नकळत खाली येऊ लागतो. या भासावर उपाय म्हणून धावपट्टीच्या कडेस चार दिव्यांची ओळ बसवितात. योग्य उतारावर त्यांतील दोन पांढरे व दोन लाल दिसतात; चारही लाल दिसू लागल्यास विमान फार खाली आलेले असते आणि ते प्रथम ज्याच्या दृष्टीस पडेल त्याने, मग तो कप्तान असो वा सहवैमानिक, मोठ्याने सांगावयाचे असते.